सलग धागा

रीताला परदेशात ताऱ्यांवरच्या संशोधनाचं दोन वर्षांचं काम चालून आलं होतं. सांगायला ती पुण्याहून आंधळगावात घरी आली, तर तिचे वडील बाबूलाल आठ दिवस हो म्हणेनात की नाही म्हणेनात. उभा जन्म कोसा रेशमाच्या साड्या विणण्यात गेलेला माणूस, मागावरून मान वर काढेल तर शप्पथ! शेवटी तिनं मोबाइलच त्यांच्यासमोर धरला.

"पाहा बाबा, आमचा महासंगणक महिनाभर चालला तेव्हा हे दिसलं. हा धुळीचा ढग. याच्या पोटात तारा तयार होऊन राहिला."

बाबूलालनी चष्मा पुसला. पडद्यावर ढग आवळत गेला, आतून तांबूस झाला आणि तारा त्याला फाडून बाहेर आला.

"फोडून निंगला? मंग तं वाया गेला!" ते मनापासून हळहळले. "अशाचा सलग धागा भेटत नाही. कोशातला किडा निंगायच्या आधीच उकळा लागते, तवा साडी होते."

मग धोटा हाती घेत म्हणाले, "रविवारी पाहुणे येऊन राहिले तुले पाहाले. तयार राहाजो."

रीतानं मोबाइल बंद केला. चुलीवरच्या पाण्याची वाफ घरभर कोंडली होती. तिची आई, देवकाबाई, टोपलीतले कोसे एकेक करून त्या उकळत्या पाण्यात सोडत होती.



शेवटचा कोसा तिनं रीताच्या मुठीत दाबला आणि हळूच म्हणाली, "तुह्या बाबाले मी पाहतो. हा एक फुटू दे."