धून कुणाची

मुलीच्या काड्या चांग या वाद्याच्या तारांवर पडल्या आणि परीक्षकांच्या रांगेतल्या होसियत ओपांनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला.

ही धून त्यांची होती. नवरा गेला त्या हिवाळ्यात बांधलेली. कागदावर कधी उतरवली नाही, मैफिलीत वाजवली नाही. शिकवली ती फक्त एका शिष्येला, ओयदिनला. तीही सतरा वर्षांपूर्वी लग्न करून डोंगरापलीकडे निघून गेली, निरोपही न घेता. तेव्हापासून ओपांनी ना ती धून वाजवली, ना घरात ओयदिनचं नाव काढू दिलं.

मुलगी थांबली. मर्गिलानच्या त्या सभागृहात फक्त लोकधुनांची परीक्षा चालू होती. मुख्य परीक्षक तोलिबजान अकांनी चष्मा काढला.

"वाजवलंस छान. पण ही लोकधून नाही, पोरी. कुणातरी संगीतकाराची रचना आहे. नियमाप्रमाणे तुझं नाव खोडावं लागेल."

मुलगी पांढरीफटक पडली. ताश्कंदला शिकायला जायची जागा एकच होती.

"कुणी शिकवली?" ओपांनी विचारलं. आवाज असा धारदार की अकांनीही वळून पाहिलं.

"आईनं."

"नाव काय तिचं?"

"ओयदिन."

"मग तिलाच आणायचंस. ती का नाही वाजवत?"

मुलीनं मान खाली घातली. "आईनं सासरी आणलेला चांग आजोबांनी दुसऱ्याच दिवशी कुणाला तरी देऊन टाकला. बाईमाणसानं वाजवायचं नाही म्हणाले. आई स्वयंपाक झाला की बैठ्या मेजावर दोन चमच्यांनी ही धून वाजवते आणि तोंडानं सूर म्हणते. मी तशीच शिकले. खरा चांग मला शाळेत मिळाला, दोन वर्षांपूर्वी."

 सतरा वर्षं ओपा मनात ओयदिनला बेइमान म्हणत आल्या होत्या.

अकांनी पेन उचललं. "मग खोडू ना?"

"नको. लोकधूनच आहे ही."

"ओपा, इतकी वर्षं परीक्षक आहे मी. ही कुणीतरी बांधलेली आहे. कुणी, ते सांगा."

"मी," ओपा म्हणाल्या. "बांधली मी, जगवली हिच्या आईनं, आणि वाजवते ही. तोलिबजान, लोक म्हणजे आणखी कोण असतात रे?"