चौतीस अंश

पोरीचं बोट डिलीटच्या बटणावर टेकलं आणि तिथंच थिजलं.

पडद्यावर शीतखोलीचं तापमान होतं. चार, चार, साडेचार, चार... आणि मध्येच चौतीस! रोज दुपारी, न चुकता. लसी ठेवायच्या खोलीत चौतीस अंश म्हणजे सगळा माल कचऱ्यात, आणि खोली सांभाळणारीची नोकरी त्याच्या मागोमाग. आता गंमत बघा, ती सांभाळणारी म्हणजे हिचीच आई!

ही ऑफिसात आकडे साफ करायला शिकत होती. सगळे तिला ‘नवी’च म्हणायचे. दुबार नोंदी काढायच्या, चुकलेल्या तारखा सरळ करायच्या, एवढं जमायला लागलं होतं. या चौतीसच्या ओळी उडवल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"ताई, या उडवू?" तिने शिकवणारीला विचारलं.

"का गं?"

"विचित्र आहेत म्हणून."

"विचित्र तर माझा नवराही आहे! आकडा आला कुठून ते आधी बघ. कारण सापडल्याशिवाय एक ओळ हलवायची नाही."

नवी धडाधड जिना उतरली. आई शीतखोलीच्या बंद दाराबाहेर उभी होती, अंगात जाडजूड कोट, एक मूठ घट्ट आवळलेली.

"आई, खरं सांग, दुपारी दार उघडं राहतं का गं?"

"उघडं? माझ्या हातून? शुद्धीवर आहेस ना?"

"मग रोज एवढं तापतं कसं?"

आईने मूठ उघडली. आत तापमान टिपणारी डबी, काडेपेटीएवढी. "आत अंधारात दिसत नाही, म्हणून वाचायला बाहेर आणते. तर मेल्या काचेवर वाफ धरते! मग बसते मुठीत धरून, वाफ जाईपर्यंत. खोटं वाटतं? मागच्या फळीवर दुसरी डबी टांगलीय, तिला विचार."

नवी तशीच वर पळाली. दुसऱ्या डबीचे आकडे उघडले. त्याच दुपारी, त्याच वेळी. चार. चार. चार. ती खुर्चीत अशी काही कोसळली की ताई पाणी घेऊन धावली.

नवीने चौतीसची एकही ओळ उडवली नाही. प्रत्येकीसमोर, शेऱ्याच्या रकान्यात, तिने कारण लिहिलं: आईची मूठ.