वीसपैकी तेरा

मनकर्णानं सकाळी मशीन वीस वेळा सुरू करून पाहिलं. तेरा वेळा स्पष्ट 'टूं' वाजलं, सात वेळा नुसती घरघर. दोन्ही आकडे तिनं वहीत लिहिले.

परभणीच्या एका कचेरीनं वापरून सोडलेला हा कॉम्प्युटर त्र्याण्णवच्या दसऱ्याआधी शाळेत आला. सुरू होताना आणि चुकीची कळ दाबली की तो वाजायचा. टायपिंगची सगळी शिकवणी त्या आवाजावर. शाळा सुटल्यावर महिनाभर थांबून मनकर्णा तो चालवायला शिकली. मुलांचे धडेही तिनंच तयार केले. पण ती प्रयोगशाळेतली मदतनीस. बी.एस्सी. असली तरी झाकण उघडायची तिला परवानगी नव्हती, आणि वेळापत्रकात नाव लिंबाजी सरांचं होतं. 'उद्या हेडसरांशी बोलते,' असं ती रोज ठरवायची आणि रोज न बोलता एस.टी. धरायची.

आज संस्थेचे अध्यक्ष किशनराव वर्ग सुरू करून द्यायला आले होते. लिंबाजी सरांनी कळ दाबली. घरघर. त्यांनी रेडिओला द्यावी तशी थाप देऊन पुन्हा दाबली. टूं! पुन्हा कळ. घरघर.

"आतला पार्ट गेलाय. औरंगाबादचा माणूस बोलवावा लागंल," लिंबाजी सर म्हणाले.

"पार्ट गेला असता तर थापेनं वाजला नसता, सर," मनकर्णा म्हणाली. "आत काहीतरी सुटं आहे. ते सरकतंय."

"चार दिवस बटनं दाबली की डॉक्टर झाली बघा ही!"

"बघू द्या की तिला," किशनराव म्हणाले.

तिनं वीज बंद केली, वायर काढली, स्क्रू सोडवून झाकण उचललं. तळाशी वाटीएवढा स्पीकर. त्याच्या कागदी पडद्यावर पाच पिवळे दाणे. खंडेनवमीला मशीनची पूजा किशनरावांनीच केली होती आणि मूठभर अक्षता फटींवर उधळल्या होत्या.

"उंदरानं नेले असतील," हेडसर घाईनं म्हणाले.

"उंदीर तांदळाला हळद लावत नाही, सर."

हेडसरांनी अध्यक्षांकडं पाहिलं. मग किशनरावच मोठ्यानं हसले. "खरंय की! आमच्याच हातच्या हायेत त्या. लय भक्ती झाली म्हना."

तिनं चिमट्यानं दाणे उचलले, पडदा मऊ ब्रशनं झाडला, झाकण बसवलं. मग मशीन वीस वेळा सुरू केलं. अध्यक्ष घड्याळ बघत राहिले, पण ती एकोणिसाव्याला थांबली नाही. वीस वेळा टूं.

"शाबास, पोरी! बरं, लिंबाजी सर, करा सुरू वर्ग."

लिंबाजी सर खुर्चीत बसले. स्क्रीनवर हिरवी रेघ लुकलुकत होती. त्यांचं बोट कळांवरून फिरलं, अडलं, आणि त्यांनी हळूच मनकर्णाकडं पाहिलं. दारात पोरं-पोरी वाट बघत उभी होती.

मनकर्णानं वही मिटली.

"सर, उठा. हा वर्ग मी घेणार आहे. वेळापत्रकात माझं नाव घाला."