सातवा प्रश्न

ऑकलंडच्या एका मांस-कारखान्यातल्या कामगारांना वाचता किती येतं, हिशेब किती जमतो, हे तपासायची परीक्षा मी तयार करत होते. पहिल्याच चाचणीत सातवा प्रश्न बाराही जणांचा चुकला. 'विद्युतप्रवाह खंडित केल्यानंतर पात्यांचे परिभ्रमण थांबण्यास नव्वद सेकंद लागतात.' बटण सहा वाजता बंद केलं, तर हात आत कधी घालायचा?

"पोरी, हे असलं आपल्या पाद्रीबाबांना विचार!" फिलोई मावशी पेन्सिल आपटत म्हणाली. आमच्याच सामोअन चर्चमधली ती, मला लहानपणापासून ओळखते. "तेवीस वर्षं खिमा काढतेय मी. बटण बंद केलं की हात घालायचा, त्यात विचारायचंय काय?"

सगळे हसले. मीही हसले.

ऑफिसात साहेब म्हणाले, "सगळेच चुकतात म्हणजे दोष प्रश्नाचा. गाळून टाक." मी गाळला. पुढच्या खेपेला बाराही जण पास झाले आणि परीक्षा छान सुधारली म्हणून माझं कौतुकही झालं.

दोन महिन्यांनी प्रमाणपत्र घ्यायला मावशीने डावा हात पुढे केला. उजव्याला बँडेज होतं, आणि त्या बँडेजमध्ये तीन बोटं कमी होती.

"माझंच चुकलं गं," ती म्हणाली. "जरा घाई केली."



सातवा प्रश्न मी तिच्याच नव्या यंत्रावरच्या पाटीवरून शब्दन् शब्द उतरवून घेतला होता.