टेकडीवरची हाक

एटापल्लीपलीकडची ती टेकडी आज नकाशात बसवायचीच, असा चंगच दिव्यानीने बांधला होता. टेकडी आणि पायथ्याचा नाला मोजल्याशिवाय गावाचा पूल मंजूर होणार नव्हता, आणि पावसाळ्यात गरोदर बाया खाटेवरूनच नाला ओलांडत.

"पायथ्याले एक गोटा ठेवून जाऊ, बाई. रिवाज हाय," मदतनीस भैयाजीभाऊ म्हणाले.

"उतरताना दोन ठेवा, भाऊ. ऊन चढून राह्यलं."

तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत भाऊ मापाची काठी घेऊन माथ्यावर गेले. दिव्यानीने नाल्याअलीकडून मोजणी यंत्राची दुर्बीण रोखली.

"धरली सीधी!" हाक दुरून, विरत आली.

दुसरी हाक नाल्यातून आली. तिसरी तर शेजारच्या मोहाच्या झाडाखालून, "दिसून राह्यलो का, बाई?"

दुर्बिणीत भाऊ माथ्यावरच होते. तोंड मिटलेलं.

तिने दात आवळले. एवढं एकच माप उरलं होतं.

"घे माप," कानाशी कुणी पुटपुटलं. खर्र्याचा वास आला.

तिने वळून पाहिलं नाही. बटण दाबलं.

दुर्बिणीत भाऊ काठी टाकून, दोन्ही हात हलवत तिला पळ म्हणून खुणावत होते.

तरी यंत्राने माप घेतलं. पडद्यावरचं अंतर हातभरसुद्धा नव्हतं.