पितळी मुठीची सुरी

मोसंबीच्या डिंकानं घडीचा चाकू सारखा अडकायचा, म्हणून सोमेश्वरला कमरेला लावायला बिनघडीची लहान सुरी हवी होती. अंबडच्या बाजारात त्यानं लाकडी मुठीची उचलून अंगठ्यावर धार पाहिली. आईनं मात्र पितळी मुठीची पुढं केली. “हळद लागल्यावर टोकाला लिंबू टोचून नवरदेवाच्या हातात हीच शोभंल. तवर बागेत वापर.” “पितळ घामानं निसटतं, आई. अन् शेतकऱ्याला पोरगी कोण द्यायलंय?” “तू गप.” सुऱ्या विकणारी लोहारीण हसली. “लगीन कवा काढलं, मावशी?” दरवर्षी कुणी विचारलं, की आई ‘औंदा’ म्हणायची. आजही तिनं तोंड उघडलं आणि लेकाकडं पाहिलं. उन्हात त्याच्या कानशिलांवरचे पांढरे केस चमकत होते. तिनं पितळी सुरी पदरानं पुसली आणि गोणपाटावर परत ठेवली. “ती लाकडाचीच दे, बाई,” ती म्हणाली. “बागेतच वापरायची हाय.”