रस्त्याचं वळण

खुंट्या पुन्हा सरळ रांगेत ठोकलेल्या होत्या.

मोजणीदार हार्डविक घोड्यावरून उतरला आणि बघतच राहिला. बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या नव्या रस्त्याची आखणी त्याची होती. इथे वाटेत एक थडगं येत होतं, म्हणून काल संध्याकाळी त्याने स्वतःच्या हाताने खुंट्या बाजूला घेऊन रस्त्याला वळण दिलं होतं. त्या वळणासाठी खाणींवरचे अधिकारी वॉर्डनसाहेब यांची बोलणी खाल्ली होती. आणि आज कोणीतरी सगळ्या खुंट्या उपटून जुन्या जागी लावल्या होत्या. एक तर थेट थडग्याच्या मातीत, उशाशी.

"कोणाचं काम आहे हे?" तो ओरडला. "सरकारी खुंटी हलवली तर तुरुंग आहे, ठाऊक आहे ना?"

शेजारच्या तंबूतून होनोरा बाहेर आली. खाणवाल्यांना ती आल्याची बीअर विकायची.

"हळू बोला साहेब, बाटल्यांची बुचं उडतील. ते बघा, तुमचा चोर तिकडे बसलाय. हातोडासुद्धा लपवला नाही मेल्यानं."

थडग्यापलीकडे पालथ्या बादलीवर जोरी ट्रेम्बाथ बसला होता. हातोडा मांडीवर होता. थडगं त्याच्या बायकोचं, थॉमसीनचं. म्हातारा उठून उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

"ट्रेम्बाथ, तुम्ही?"

"मीच साहेब. बेड्या घालायच्या तर घाला. पण तेवढं वळण काढून टाका."

"अहो, वळण तुमच्यासाठीच दिलं! नाहीतर बैलगाड्या बाईंच्या अंगावरून जातील."

"जाऊ देत."

जोरीने थडग्याच्या डोक्याशी असलेल्या तोडलेल्या झाडाच्या बुंध्याकडे बोट केलं.

"इथं मोठी निलगिरी होती. सावलीला म्हणून थॉमसीनला तिच्याखाली ठेवलं. ते झाड कोणाच्या तरी खाणीत टेकू म्हणून गेलं. त्याचं चुकलं नाही. सोनं खणायचा परवाना असेल त्यानं लागेल ते झाड तोडावं, असा नियमच आहे. मग मी कुंपण घातलं. ते हिवाळ्यात कोणाच्या तरी चुलीत गेलं."

"कोणाच्या तरी कशाला, त्या रेडफर्नच्या," होनोरा म्हणाली. "त्यावर मटण शिजवलंन आणि मलाही वाटीभर आणून दिलंन. मला काय ठाऊक, कुठलं लाकूड ते! कळलं तेव्हा घास घशात अडकला."

"असू दे गं. थंडी होती." जोरी पुन्हा हार्डविककडे वळला. "आता ते बघा."

बघायला लांब जावं लागत नव्हतं. पिवळ्या मातीचे ढीग ओहोळापासून वर चढत आले होते. शेवटचा खड्डा इतका जवळ होता की त्यातून उडालेली माती थडग्यावर पडली होती.

"सोन्याची धार इकडंच वळतेय म्हणतात. परवाना असेल त्यानं मोकळी दिसेल ती जमीन खणावी. थडगं सोडावं असं तुमच्या नियमात कुठं आहे का, साहेब?"

हार्डविकला नियम पाठ होते. त्यांत थडग्याचा उल्लेख नव्हता.

"आजवर लाजेखातर सोडलंय लोकांनी. पण लाज ती किती दिवस पुरणार? या सगळ्या मुलखात कुदळ लागत नाही अशी एकच जमीन आहे. सरकारी रस्ता."

"तुम्ही वळण देऊन तिला रस्त्याबाहेर काढलंत," होनोरा म्हणाली. "मोठे उपकार झाले! तेव्हापासून दोघं जण खणायला जागा अडवायची म्हणून खांद्यावर खुंट्या घेऊन इथं घिरट्या घालतायत."

हार्डविकचे कान लाल झाले. काल रात्री त्या वळणाच्या समाधानात त्याला छान झोप लागली होती.

"आता टेकडीवर दफनभूमी झाली आहे," तो हळूच म्हणाला. "बाईंना तिकडे नेता येईल. मी माणसं देतो."

"नको." म्हातारा पहिल्यांदाच घाईने बोलला. "जहाजावर तिनं सबंध वाटभर ओकाऱ्या काढल्या. मग बंदरापासून इथवर गाडीत हाडं खिळखिळी झाली. इथं उतरली तेव्हा म्हणाली, जोरी, आता मला हलवायचं नाही. मी हो म्हटलंय."

होनोराने तोंड फिरवून एप्रनने नाक पुसलं.

"आणि रस्त्याचं तिला वावडं नव्हतं हो," ती म्हणाली. "उलट दिवसभर तंबूच्या दारात. जाईल त्याला हाक, जेवलास का, कुठून आलास, आई कुठे असते. माझं अर्धं गिऱ्हाईक तिनं फुकटचा चहा पाजून पळवलं."

हार्डविकने जोरीच्या हातातला हातोडा घेतला. उशाशी असलेली खुंटी किंचित कलली होती. ती त्याने सरळ केली, आणि मारले नाहीत, हलकेच दाबले म्हणावेत असे घाव घातले.

मग नियमाप्रमाणे आखणी चालून बघायला हवी होती. पहिल्या खुंटीपासून तो निघाला. थडग्याजवळ आल्यावर त्याने टोपी काढली, श्वास धरला आणि चवड्यांवर, मातीला कळू नये अशा बेताने, पुढे गेला.

"पोरा," मागून जोरीने हाक मारली. इतका वेळ तो साहेब म्हणत होता. "चोरासारखा नको जाऊस. मागं ये, आणि नीट पाय वाजवत जा. कोणी आलं की तिला कळायला हवं."